गोडं पाणी, किंमत शून्य

हुसेन,

गेल्या रविवारी तुझ्या मुलाला, इम्रानला, मी खरं सांगून टाकलं. तुझ्या आजारपणात मी जो कागद तुला करून दिला, वर माझी सहीही ठोकून दिली, तो खोटा होता. खाडीच्या खाऱ्या पाण्यात नदीचं गोडं पाणी मिसळताना जी वीज काढता येते, ती परवडते, असं मी त्या कागदावर सिद्ध करून दाखवलं होतं. ती परवडत नाही. निदान आज, आपल्या महाडात, आपल्या सावित्रीच्या खाडीवर तरी नाही. तू होतास तोवर हे तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहितोय. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि वाद घालायला समोर कोणी नसल्यामुळे माझी जीभ नुसती शिवशिवते आहे.

तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला लोक काय म्हणत होते माहीत आहे? "हुसेनभाई फार शांत माणूस." मी खाली मान घातली, नाहीतर हसलो असतो. भर बाजारात भाजीची पिशवी खाली ठेवून, विजेच्या पेटीत लावायच्या पडद्यांच्या किमतीवरून माझ्याशी अर्धा तास भांडलेला माणूस तो हाच का, असं विचारावंसं वाटलं. त्या दिवशी आपल्या दोघांच्या मध्ये कोथिंबीरवाली बसली होती आणि तिनं शेवटी हात जोडून आपल्याला पुढं जायला सांगितलं होतं.

तुझी-माझी ओळखही पाण्यावरूनच झाली. मी डोंगरावरच्या कुडपणहून आठवीला महाडात आलो, मामाकडे राहायला. पहिल्याच आठवड्यात तू मला खाडीवर नेलंस. भरती चढत होती. पाण्यावरचा पालापाचोळा समुद्राकडून डोंगराकडे निघालेला बघून मी ओरडलो होतो, "अरे, ही नदी उलटी चाललेय!" आमच्याकडे पठारावर पाण्याला एकच दिशा माहीत, खाली. तू हसून हसून बांधावर लोळलास आणि दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगितलंस. वर्षभर मला सगळे 'उलटी नदी' म्हणून हाक मारत होते. त्याचा सूड म्हणून मी तुला गणिताची वही दाखवायचं बंद केलं, तेही जेमतेम दोन दिवस.

पुढं मी इथल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो आणि तू आखातात गेलास, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. सुट्टीवर आलास की पहिला चहा तुझ्या घरी, दुसरा माझ्याकडे. तुझं वर्णन ठरलेलं असायचं. समुद्र उचलायचा, यंत्रात घालायचा, बारीक पडद्यांवर दाबायचा. मीठ मागं राहतं, पाणी पुढं येतं. आणि हे दाबायला किती वीज लागते ते सांगताना तुझे डोळे मोठे व्हायचे.

अशाच एका सुट्टीत तुझ्या वडिलांच्या खारजमिनीच्या बांधावर आपण बसलो होतो, पाणी सोडायच्या उघाडीपाशी. ओहोटी लागली, उघाडीचं लाकडी दार आतल्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप उघडलं आणि शेतातलं गोडं पाणी खळखळत खाडीत जायला लागलं. तू बराच वेळ बघत राहिलास.

"मास्तर," तू म्हणालास, "मीठ नि पाणी येगळं कराया आमी तिकडं एवढी वीज जाळतो. मग हितं ही दोगं एक होताहेत तर ती वीज जाते कुठं?"

"खाडीत."

"नुसतीच?"

"नुसतीच. पाणी अगदी किंचित कोमट होत असेल."

"काय रे हा दळभद्रीपणा!"

तू सृष्टीला उद्देशून म्हणालास, पण बघत माझ्याकडे होतास. जणू ही व्यवस्था मीच लावली होती.

कायमचा परत आलास तो हेच डोक्यात घेऊन. परसात पत्र्याची शेड टाकलीस. तुझी ती पेटी म्हणजे पातळ पडद्यांची चळतच होती, एका फटीतून खारं पाणी, शेजारच्या फटीतून गोडं, पुन्हा खारं, पुन्हा गोडं. मीठ एकीकडून दुसरीकडे जाता जाता तारेत वीज देऊन जाणार. मला समजावताना तू कुडपणलाच वेठीला धरलंस. "तुमच्या कड्यावरनं पाणी खाली पडतंय नं, दोन-अडीचशे मीटरचा कडा, तेवढा जोर ह्या खाडीत हाय. दिसत नाय एवढंच." मी म्हटलं, तो जोर भर समुद्राच्या पाण्याचा. आपल्या खाडीत मीठ त्याच्या निम्मंसुद्धा नसतं बऱ्याचदा. "मग आर्धा कडा धर," तू म्हणालास. "आर्धा कडा काय कमी हाय काय?"

ज्या दिवशी पेटीवरचा तो लाल दिवा पहिल्यांदा लागला, त्या दिवशी तू अख्खी आळी गोळा केली होतीस. रिक्षावाले रिक्षा उभ्या करून आले होते. सगळे वाहवा करत होते आणि मला दुर्बुद्धी झाली. मी विचारलं, "पण हे पाणी फिरवणारा पंप कशावर चालतोय?"

"घरच्या मीटरवर," तू म्हणालास.

हुसेन, ते मी तेव्हा विचारायला नको होतं. बरोबर होतं, पण तेव्हा नको होतं. चार दिवस तू बोलला नाहीस. पाचव्या दिवशी माझा तास चालू असताना वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलास आणि सगळ्या मुलांसमोर जाहीर केलंस, "पंप बारका केला!" मुलांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझ्या तासाला तू अधूनमधून शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागलास. एकदा मी फुकट वस्तूंबद्दल शिकवत होतो. पुस्तकात लिहिलेलं तेच सांगितलं, हवा, ऊन, नदीचं पाणी, ज्यांना किंमत नसते अशा वस्तू. मागून हात वर झाला. "सर, फुकट कुणाला?" मुलं हसली. मी हसलो नाही, कारण मला माझी आई दिसली. एप्रिलात कुडपणला झऱ्याच्या खड्ड्यापाशी वाटीनं पाणी भरत बसलेली, वाटी भरायची वाट बघत. इतकी वर्षं मी ते वाक्य शिकवत होतो आणि मला ती एकदाही आठवली नव्हती. त्या दिवसापासून तो धडा मी वेगळा शिकवला. हे तुला कधी सांगितलं नाही. तू फार चढून बसला असतास.

आपला खरा वाद मग तिथंच येऊन अडकला. पावसाळ्यात गोडं पाणी मुबलक, पण तेव्हा पुरानं खाडीच गोडी होते, मीठ पार खाली समुद्राकडे ढकललं जातं. उन्हाळ्यात खारं पाणी थेट महाडाच्या अंगाला येतं, पण तेव्हा नदीत उरलेलं गोडं पाणी माणसांना हवं असतं. पोलादपूरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघतात लोक. दिवाळीच्या आगंमागं काही आठवडे दोन्ही प्रकारचं पाणी हाताशी असतं, तेवढ्यावर कारखाना कसा चालवणार? महागाचे पडदे आणून वर्षातले बाकीचे महिने ते नुसते भिजत ठेवायचे? तू म्हणायचास पडदे स्वस्त होतील. मी म्हणायचो होतील तेव्हा बघू. तू म्हणायचास सगळेच 'तेव्हा बघू' म्हणाले तर स्वस्त कुणासाठी होतील?

मग तू आजारी पडलास. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, याचा अर्थ तुलाही कळला होता आणि मलाही. तू मला बोलावून घेतलंस. "मास्तर, एकदा शेवटचं गणित मांड. पक्कं. नि खाली सही कर."

तीन संध्याकाळी मी बसलो. आधी खरं मांडलं. तोटा आला. मग पडद्यांचं आयुष्य, विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात असतं तेवढं, धरलं. तरी तोटा. मग खाडीऐवजी समुद्राचं मीठ धरलं. तोटा कमी झाला, पण होताच. शेवटी मी गोडं पाणी शून्य किमतीचं धरलं. कुडपणच्या माणसानं, तुझ्या त्या प्रश्नानंतर, गोड्या पाण्यापुढं शून्य लिहिलं. आकडा केसभर नफ्याकडे आला. मी सही केली.

तू चष्मा लावून फार वेळ वाचलंस. "सही तुजीच नं?"

"मग कुणाची?"

"बरं," म्हणालास आणि कागद उशीखाली ठेवलास. त्याच संध्याकाळी इम्रानला फोनवर तो कागद दाखवलास. जुबेदाभाभी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काल दोन घास जास्त खाल्लानी." मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना पेढे घेऊन गेलो. आता आठवलं की तोंड कडू होतं.

तू गेलास. इम्रान आला. आणि मला जे सुचलंच नव्हतं, ते झालं. तू फोनवर दाखवलेल्या कागदाचा फोटो त्यानं जपून ठेवला होता. तो मला म्हणाला, "मास्तरचाचा, मी परत नाय जात. राजीनामा लिवून ठेवलाय, पाठवायचा बाकी हाय. अब्बांचं काम आपण दोघं मिळून करू. तुमची सही हाय म्हटल्यावर मला दुसरं कुणाला विचारायचं नाय." भाभींनी वरची खोली रंगवायला काढली. सून, नातवंडं इथंच येणार म्हणून कपाट करायला सांगितलं. तुझ्या जाण्यानं जे घर खचलं होतं, ते माझ्या त्या शून्यावर उभं राहायला लागलं. मी रोज जायचो, रंगाची छटा कुठली बरी यावर मत द्यायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही.

खूप दिवस मी स्वतःला समजावत होतो. पोरगा हुशार आहे, कळेल त्याचं त्याला. भाभींना तेवढंच सुख. पण तो राजीनामा पाठवायला निघाला, तेव्हा मला राहवलं नाही. भाभींच्या समोरच सांगितलं. आधी तर तो मानेचना. "तुम्ही दुःखात हाय, चाचा. अब्बा एवढे वर्ष त्यातच होते, त्यांना चुकी दिसली नसती?"

मी म्हटलं, हुसेनला बरं वाटावं म्हणून केलं. तो बारकाईनं बघत नव्हता, आजारी होता. मूळ कागद आण, ओळ न् ओळ दाखवतो.

त्यानं तुझी फाईल आणली. कागद बाहेर काढला.

पेन्सिलीनं तू प्रत्येक खोटी ओळ पकडली होतीस. पडद्यांचं आयुष्य निम्मं केलं होतंस. मिठापाशी लिहिलं होतंस, 'खाडी, समुद्र नाय.' गोड्या पाण्यापुढचं शून्य खोडलं होतंस आणि बाजूला दोनच शब्द, 'आणि कुडपण?' खाली नव्यानं बेरीज करून तोट्याचा आकडा काढला होतास, त्याला गोल केला होतास. माझ्या सहीला मात्र हात लावला नव्हतास.

लेका, मला शिवी घालायची होतीस. उशी फेकून मारायची होतीस. मी रोज येऊन शेजारी बसत होतो, तू एकदा तरी म्हणायचं होतंस, 'मास्तर, हे काय केलंस?' मी तुला फसवतोय असं समजत होतो आणि तू मला ते समजू देत होतास. तुझी बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती याचा अभिमान वाटावा की माझी लाज राखलीस म्हणून रडावं, ते मला कळेना. मी रडलो. भाभी आणि इम्रानसमोर, तोंडावर रुमाल घेऊन, चांगला मोठ्यानं.

इम्राननं विचारलं, "मग अब्बांनी मला का नाय सांगितलं?" मी म्हटलं, माझी अब्रू जाऊ नये म्हणून असेल. मनात दुसरंच होतं. तुला खात्री होती का रे, की मी कधीतरी स्वतःहून सांगेन? असेल तर तुझा माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

कागदाच्या मागं तू अजून एक ओळ लिहून ठेवली आहेस, 'गावाचं वापरलेलं पाणी?' म्हणजे प्यायचं पाणी सोडून सांडपाणी शुद्ध करून वापरायचं. मी ते परवा मांडून बघितलं. तोटा कमी होतो, हुसेन. चांगलाच कमी होतो. पण तोटाच. शिवाय तसल्या पाण्यानं पडदे लवकर खराब होणार. तुझं उत्तर मला माहीत आहे, तू म्हणशील पडदे स्वस्त होऊ देत. होऊ देत. मी आता 'तेव्हा बघू' म्हणणार नाही, दर वर्षी नव्या किमती घालून तोच कागद पुन्हा मांडीन. एवढं मी तुझ्यासाठी नक्की करू शकतो.

इम्रान परवा गेला. वीर स्टेशनावर भाभी त्याच्या शर्टाची कॉलर सारखी नीट करत होत्या. गाडी सुटल्यावर रिक्षात आम्ही दोघंच. मी बाहेर बघत होतो. मला वाटलं, आता या बाईसमोर मी पुन्हा उभा राहू शकणार नाही. ज्या एका सहीनं तिचा मुलगा राहत होता, ती मीच फिरवली.

घरापाशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, चाय घेऊन जावा." मी नको म्हणालो. "नको कसं? पोरगा तुमच्या खरं बोलण्यापायी गेला. आता रोज चायला यायचं तुमीच." रागानं म्हणाल्या की मायेनं, मला सांगता येत नाही. मी आत गेलो.

काल पुन्हा गेलो. चहा झाल्यावर त्यांनी पदरानं हात पुसले आणि समोर बसल्या. "आता मला सांगा, ते पाण्याचं नक्की होतं तरी काय? इतकी वर्षं तुमी दोगं तंडलात, मला कुणी समजावलंच नाय."

मी पहिल्यापासून सांगितलं. मीठ कसं एकीकडून दुसरीकडे जातं, वीज कशी येते, पंप किती खातो, पडदे किती महाग, पाऊस आणि उन्हाळा, गोड्या पाण्याची किंमत. तुझा खोडलेला कागदही दाखवला. भाभींनी मन लावून ऐकलं, एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं. मग म्हणाल्या, "ह्यात पडदे धुवायचं कुठं हाय?"

"धुवायचं?"

"मग! खाडीचा गाळ बसायचा त्यांच्यावर. एकेक पडदा सोडवायचा, दोन पाण्यातनं काढायचा, सावलीत निथळायचा, परत लावायचा. दुपार जायची त्यात. दुपारी ते झोपलेले असायचे नं."

मी तुझ्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या. तुझ्या कारखान्यात पडदे आपोआप धुतले जात असतील, म्हणून तुला कधी प्रश्नच पडला नसेल. मला का पडला नाही, ते मला माहीत नाही. "किती दिवस धुतलेत तुम्ही?" मी विचारलं.

"दिवस कसले, वर्षं म्हणा."

"आणि त्याला एकदाही सांगितलं नाहीत?"

तुला जाऊन इतके दिवस झाले, पण भाभींना मी काल पहिल्यांदा हसताना पाहिलं. "सांगितलं असतं तर त्यांनी ते सगळं बंद केलानी असतं," त्या म्हणाल्या.

हुसेन, तू खरंच बंद केलं असतंस.